वाटप संपले, नोंद उरली

एखाद्या गावात सरकारी पड जमीन आहे आणि ती गरजू कुटुंबांना वाटायची आहे, अशी कल्पना करा. महसूल खाते अर्ज मागवते. घरात माणसे किती, आधीची जमीन किती, स्वतः कसणार का, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यावरून कोणाला किती जमीन द्यायची ते ठरते. बरीच वर्षे हे चालते. मग एक दिवस शेवटचा तुकडाही दिला जातो. आता अर्जातील त्या प्रश्नांचे काय करायचे? द्यायला जमीनच उरली नाही, तर गरज तपासून उपयोग काय? पण म्हणून गावच्या दप्तराचे काम संपत नाही. उलट ते वाढते. आता जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागते. विक्री होते, वाटण्या होतात, तंटे होतात. कोणता गट कोणाच्या नावावर आहे हे सांगणारा सातबारा आणि त्यावरील फेरफाराची नोंद यांचे मोल पूर्वीपेक्षा कितीतरी वाढते.

इंटरनेटच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांना जे अंकी पत्ते द्यावे लागतात, त्यांचा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्या दिवशी इंटरनेट बंद पडले नाही, वर्तमानपत्रांत मोठे मथळेही आले नाहीत. पण पत्ते वाटणाऱ्या संस्थांना आपले नियम मुळापासून तपासावे लागले. पत्ते का संपले, हे या लेखात आपण थोडक्यात पाहू. संपल्यावर नियम कसे बदलले आणि त्यातून कोणते नवे प्रश्न उभे राहिले, हे जरा सविस्तर पाहू. मर्यादित वस्तूचे न्याय्य वाटप हा गणिताइतकाच नागरिकशास्त्राचाही विषय असल्याने शिक्षकांना त्याचा वर्गात उपयोग होईल, असे आम्हाला वाटते.

बत्तीस खणांचा पत्ता

इंटरनेटवरून जाणारी माहिती लहान लहान पुडक्यांतून जाते. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. हा पत्ता म्हणजे ओळीने मांडलेले बत्तीस खण. प्रत्येक खणात ० किंवा १ एवढेच लिहिता येते. माणसांच्या सोयीसाठी आठ-आठ खणांचे चार गट करून प्रत्येक गट ० ते २५५ यांपैकी एका संख्येने लिहितात. १९२.१६८.१.१ अशी संख्या आपण कधीतरी पाहिली असेलच.

एका खणाचे दोन पर्याय, दोन खणांचे चार, तीन खणांचे आठ. याप्रमाणे बत्तीस खणांचे २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पर्याय होतात. सुमारे ४२९ कोटी. त्यांतील काही विशेष कामांसाठी राखलेले असल्याने सर्वसाधारण वापराला सुमारे ३७० कोटी उरतात. पृथ्वीवर आज आठ अब्जांहून अधिक माणसे आहेत. म्हणजे माणशी अर्धा पत्ताही येत नाही.

बत्तीसच खण का घेतले? या रचनेचे एक जनक व्हिंट सर्फ यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, १९७७ च्या सुमारास हा निर्णय झाला तेव्हा हे सारे एक प्रयोग म्हणून चालले होते. प्रयोगाला ४२९ कोटी पत्ते भरपूर होते. १९८१ मध्ये ही रचना प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे तिच्यावर आले. प्रयोग संपलाच नाही. तोच पुढे जगभर पसरला. या रचनेला आपण आयपी-४ म्हणू.

पहिली पंगत

सुरुवातीच्या काळात पत्त्यांची यादी जॉन पोस्टेल हे अमेरिकी शास्त्रज्ञ सांभाळत असत. मागणाऱ्याला तीन मापांपैकी एक माप मिळे. मोठे माप १,६७,७७,२१६ पत्त्यांचे, मधले ६५,५३६ चे आणि लहान २५६ चे. एखाद्या महाविद्यालयाला हजार पत्ते हवे असतील तर २५६ पुरत नसत, म्हणून ६५,५३६ द्यावे लागत. उरलेले तसेच पडून राहत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आयबीएम, ॲपल, फोर्ड यांना तर प्रत्येकी पावणेदोन कोटींच्या आसपास पत्ते मिळाले. त्यात कोणाची लबाडी नव्हती. पहिल्या पंगतीला बसणाऱ्याला मागे किती माणसे ताटकळत आहेत हे दिसत नाही, आणि त्या वेळी मागे कोणी नव्हतेच.

१९९० नंतर मात्र मागची गर्दी दिसू लागली आणि तीन उपाय झाले. पहिला, १९९३ मध्ये तीन ठरावीक मापे मोडून गरजेइतके माप कापून देण्याची पद्धत आली. दुसरा, घराच्या किंवा कचेरीच्या आत वापरायचे खाजगी पत्ते वेगळे राखले गेले आणि अनेक यंत्रांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून घेण्याची युक्ती निघाली. वाड्यातील सगळ्या बिऱ्हाडांची पत्रे एकाच घर क्रमांकावर यावीत आणि दारातल्या माणसाने ती आत पोचवावीत, तसे हे आहे. तिसरा, १२८ खणांच्या पत्त्याची नवी रचना आखली गेली आणि डिसेंबर १९९५ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. तिला आपण आयपी-६ म्हणू.

'गरज दाखवा'

याच काळात वाटपाचे काम प्रादेशिक संस्थांकडे गेले. आज अशा पाच संस्था आहेत. युरोप, मध्यपूर्व आणि मध्य आशियाच्या काही भागांसाठी राइप एनसीसी (ॲमस्टरडॅम, १९९२), आशिया-प्रशांत भागासाठी एपनिक (आता ब्रिस्बेन, १९९३), उत्तर अमेरिकेसाठी एरिन (१९९७), लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक (२००२) आणि आफ्रिकेसाठी ॲफ्रिनिक (२००५). या सगळ्यांच्या वर आयाना नावाची जागतिक कोठी. कोठीतून प्रादेशिक संस्थेला माल मिळे, तेथून इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्याकडून ग्राहकांना. या संस्था सरकारी नाहीत. त्यांचे नियम सभासद आणि इतर इच्छुक लोक खुल्या सभांतून, चर्चेने आणि सर्वसाधारण सहमतीने ठरवतात.

१९९६ च्या एका दस्तऐवजात वाटपाची तीन उद्दिष्टे सांगितली होती. पहिले काटकसर: गरज सिद्ध झाल्याशिवाय पत्ते द्यायचे नाहीत. दुसरे सलगता: पत्ते लागोपाठ द्यायचे, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या यंत्रांच्या याद्या आटोपशीर राहतात. तिसरे नोंद: कोणता पत्ता कोणाकडे आहे हे जगाला पाहता आले पाहिजे.

काटकसरीसाठी अर्जदाराला लांबलचक तक्ते भरावे लागत. सध्याची यंत्रे किती, पुढे किती येणार, आधीचे पत्ते किती वापरले. ही छाननी त्या काळी अगदी योग्य होती. जो पत्ता अनावश्यक दिला जाईल तो उद्याच्या खऱ्या गरजूचा होता.

साठा आटला

पण छाननीने वेग कमी होतो, साठा वाढत नाही. एकट्या २०१० सालात जगभर सुमारे पंचवीस कोटी पत्ते वाटले गेले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयानाकडे पाच मोठी मापे शिल्लक होती. आधी ठरल्याप्रमाणे पाचही संस्थांना एकेक देऊन कोठी रिकामी झाली. त्यानंतर १५ एप्रिल २०११ रोजी एपनिक आणि १४ सप्टेंबर २०१२ रोजी राइप एनसीसी आपापल्या शेवटच्या मापापाशी आल्या. २४ सप्टेंबर २०१५ रोजी एरिनचा मोकळा साठा शून्य झाला.

'शेवटचे माप' या टप्प्यासाठी एपनिक आणि राइप एनसीसी यांनी आधीच नवा नियम करून ठेवला होता, आणि आमच्या मते तो फार शहाणपणाचा होता. नियम असा: प्रत्येक सभासदाला आयुष्यात एकदाच १,०२४ पत्ते. कंपनी लहान असो वा मोठी, गरज दोन हजारांची असो वा दोन कोटींची, मिळणार तेवढेच.

यामागचा विचार पाहा. ज्याला कोट्यवधी पत्ते हवेत त्याची भूक या साठ्याने भागणारच नव्हती. एका मोठ्या मापातून १,०२४ चे १६,३८४ वाटे होतात. एखाद्या बड्या कंपनीने ते मोठे माप काही आठवड्यांत फस्त केले असते. त्याऐवजी पुढची काही वर्षे येणाऱ्या प्रत्येक नव्या कंपनीला दारात शिरण्यापुरते पत्ते मिळतील, असे पाहिले गेले. जगातील बरीचशी यंत्रे अजून आयपी-४ च बोलत असल्याने, ज्याच्याकडे या जुन्या पत्त्यांपैकी एकही नाही त्याला धंदाच करता येत नाही. म्हणजे प्रश्न गरजेचा राहिला नाही, तर प्रवेशाचा झाला. पुढे हा वाटा आणखी लहान झाला. एपनिकने २०१९ मध्ये तो ५१२ वर आणला. राइप एनसीसीचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी पूर्ण संपला. तेव्हापासून तेथे प्रतीक्षा यादी आहे. कोणी बंद पडून पत्ते परत आले तर, ज्याला पूर्वी काहीच मिळालेले नाही अशा सभासदाला क्रमाने २५६ पत्ते मिळतात.

जुन्या नियमांची झाडाझडती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळ्यांना सारखेच १,०२४ द्यायचे, तर मग गरजेचे तक्ते कशाला?

हा प्रश्न युरोपात २०१३ मध्ये औपचारिकपणे मांडला गेला. साठा संपत आला आहे, तेव्हा नियमावलीतील कालबाह्य कलमे काढून टाकावीत आणि गरज सिद्ध करण्याची अट रद्द करावी, असा तो प्रस्ताव होता. त्यावर बरीच वादावादी झाली. दोन्ही बाजू समजून घेण्याजोग्या आहेत.

प्रस्तावाच्या बाजूचे म्हणणे असे. काटकसर ही उद्याच्या माणसासाठी साठा राखण्यासाठी असते. राखायला साठाच नसेल तर तक्ते म्हणजे निव्वळ कागद. आता पत्ते मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे ज्याच्याकडे पडून आहेत त्याच्याकडून विकत घेणे. पैसे मोजून घेणारा उगाच घेत नाही, किंमत हीच त्याच्या गरजेची परीक्षा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अटी जाचक असतील तर लोक व्यवहार थांबवत नाहीत, ते फक्त नोंदवत नाहीत. जमिनीचा व्यवहार साध्या कागदावर व्हावा आणि सातबारावर जुनेच नाव राहावे, तशी गत होते. मग नोंदवही खोटी पडते.

विरोधकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. गरजेची अट काढली तर ज्याच्याकडे पैसा आहे तो पत्ते साठवून ठेवील, भाव वाढवील आणि लहानांची अडवणूक करील. शिवाय एक व्यावहारिक अडचण होती. सर्वाधिक पत्ते उत्तर अमेरिकेत पडून होते आणि एरिनचा नियम असा की, जेथे गरज तपासली जाते अशाच प्रदेशात पत्ते हस्तांतरित करू द्यायचे. अट काढली तर तो दरवाजा बंद होणार होता. याच कारणासाठी एपनिकने २०११ मध्ये हस्तांतरासाठी गरजेची अट कायम ठेवण्याचा निर्णय घेतला होता.

२०१४ च्या सुरुवातीला युरोपातील प्रस्ताव मान्य झाला. तक्ते गेले. 'मिळालेले पत्ते आम्ही वापरात आणू' एवढी हमी पुरेशी ठरली. एरिनच्या प्रदेशातून पत्ते आणायचे असतील तर मात्र निम्मे पत्ते पाच वर्षांत कसे वापरणार याची योजना द्यावी, अशी जोड पुढे देण्यात आली. तत्त्व आपले, तडजोड शेजाऱ्यासाठी.

याच सुमारास, ऑगस्ट २०१३ मध्ये, १९९६ चा तो जागतिक दस्तऐवजही बदलला गेला. जुन्या यादीत 'काटकसर' होती. नव्यात तिच्या जागी 'साठ्याचे व्यवस्थापन' आले. जुन्या यादीत नुसती 'नोंद' होती. नव्यात 'नोंदीची अचूकता' आली. दोन शब्दांचा हा फरक म्हणजे या लेखाचे सार आहे. वाटप करणारी संस्था आता प्रामुख्याने दप्तर सांभाळणारी संस्था झाली.

पत्त्यांचा बाजार

२०११ मध्ये दिवाळ्यात निघालेल्या नॉर्टेल या कंपनीचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना विकत घेतले. म्हणजे एका पत्त्याला सव्वाअकरा डॉलर. जे कोणे एके काळी मागितले की मिळत होते, त्याला आता भाव आला. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेने आपल्याकडील पत्त्यांपैकी सुमारे निम्मे विकायला काढले. २०१९ मध्ये हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या पत्त्यांपैकी सुमारे ४२ लाख ॲमेझॉनने दहा कोटी डॉलरहून अधिक देऊन घेतले. भाव २०२१ च्या सुमारास पन्नास डॉलरपर्यंत चढला आणि नंतर बराच उतरला. १ फेब्रुवारी २०२४ पासून तर ॲमेझॉन आपल्या संगणक सेवेच्या ग्राहकांना प्रत्येक सार्वजनिक आयपी-४ पत्त्यासाठी तासाला अर्धा सेंट आकारते. वर्षाला हे सुमारे ४४ डॉलर होतात.

बाजारामुळे पडून असलेले पत्ते वापरात आले, हा फायदा खरा. पण पत्ता ही जमिनीसारखी वस्तू नाही, हे विसरून चालणार नाही. जमिनीला कुंपण घालता येते. पत्ता म्हणजे केवळ संख्या. 'ही संख्या माझी' असे कोणीही जाळ्यावर जाहीर करू शकतो, आणि शेजारच्या यंत्रांनी ते खरे मानले की त्या पत्त्याचा टपाल भलतीकडे जातो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातून यूट्यूबच्या पत्त्यांबाबत अशी जाहिरात बाहेर पडली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडले. 'ही संख्या खरोखर कोणाची' याचे उत्तर देणारी एकमेव गोष्ट म्हणजे ती नोंदवही. आता तर नोंदवहीतील नोंदीच्या आधारे संगणकी सहीचा दाखला देण्याची सोय झाली आहे, आणि मार्ग दाखवणारी यंत्रे तो तपासून पाहू शकतात. नोंद चुकीची असेल तर दाखलाही चुकीचाच निघेल, हे उघड आहे.

बाजाराचा आणखी एक परिणाम सलगतेवर झाला. मोठी मापे तुकडे करून विकली गेली, आणि प्रत्येक तुकड्यासाठी मार्गदर्शक यंत्रांच्या यादीत वेगळी ओळ लागते. १२ ऑगस्ट २०१४ रोजी ही यादी ५,२४,२८८ ओळींच्या पलीकडे गेली. अनेक जुन्या यंत्रांच्या स्मृतीची मर्यादा नेमकी तेवढीच असल्याने ती अडखळली. ही संख्या म्हणजे २ चा १९ वा घात, हे विद्यार्थ्यांना ताडून पाहायला सांगावे. २५६ पेक्षा लहान तुकडा जाळ्यावर सहसा स्वीकारला जात नाही, त्याचे कारणही ही यादीच.

पळवाटा

नियम केला की पळवाट निघते. युरोपातील '१,०२४ एकदाच' या नियमाचा हिशेब करून पाहा. सभासद होण्याचा प्रवेश आकार २,००० युरो आणि वार्षिक वर्गणी १,४०० युरो होती. म्हणजे दोन वर्षांचा खर्च ४,८०० युरो. २०१९ च्या सुमारास एका पत्त्याचा बाजारभाव वीस डॉलरच्या आसपास होता. १,०२४ पत्त्यांचे वीस हजार डॉलर. साहजिकच काहींनी एकाच मालकीची अनेक सभासदत्वे काढली. म्हणून मिळालेले पत्ते दोन वर्षे विकता येणार नाहीत, असा नियम २०१५ मध्ये आला. पळवाट अरुंद झाली, बंद झाली नाही. हिशेबातील 'दोन वर्षे' आम्ही का धरली, ते आता लक्षात येईल.

उत्तर अमेरिकेत एरिनच्या प्रतीक्षा यादीतून मिळालेले मोठे वाटे थोड्याच काळात विकले जात आहेत, असा संशय आल्याने २०१९ मध्ये ती यादी काही काळ थांबवावी लागली. पुन्हा सुरू झाली ती १,०२४ ची कमाल मर्यादा आणि पाच वर्षांची विक्रीबंदी घेऊन.

सर्वांत गंभीर प्रकार आफ्रिकेत घडला. तेथे साठा सर्वांत उशिरापर्यंत टिकला, आणि बाहेर भाव चढत असताना तो टिकणे हेच संकट ठरले. २०१९ मध्ये उघडकीस आले की सुमारे चाळीस लाख पत्त्यांच्या नोंदी गैरमार्गाने, तेही संस्थेच्या आतूनच, बदलल्या गेल्या होत्या. दुसरीकडे, आफ्रिकेच्या वाट्याचे पत्ते आफ्रिकेबाहेर वापरले जात असल्यावरून ॲफ्रिनिक आणि एका मोठ्या धारकाचा वाद मॉरिशसच्या न्यायालयात गेला. २०२१ मध्ये संस्थेची बँक खाती गोठवली गेली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तिच्यावर रिसीव्हर नेमला. ज्या खंडात इंटरनेट सर्वांत उशिरा पोचले त्याच्या वाट्याची ही गोष्ट आहे. दप्तर दुबळे असेल तर मागून येणाऱ्याचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आपल्याकडे काय?

भारत एपनिकच्या प्रदेशात येतो. २०१२ पासून देशांतर्गत वाटप आणि नोंद इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था पाहते. भारताच्या वाट्याला आयपी-४ चे सुमारे चार कोटी पत्ते आहेत आणि लोकसंख्या १४० कोटींच्या पुढे. म्हणजे एका पत्त्यामागे पस्तीस माणसे. अमेरिकेकडे दीड अब्जाहून अधिक पत्ते आहेत, म्हणजे माणशी चारांहून जास्त. पहिल्या आणि शेवटच्या पंगतीतला फरक तो हा.

मग आपले मोबाइल चालतात कसे? वाड्याची युक्ती कंपनीच्या पातळीवर नेऊन. शेकडो ग्राहक बाहेरचा एकच पत्ता वापरतात. एका पत्त्यामागे ६५,५३६ 'खिडक्या' असतात. एका ग्राहकाला हजार खिडक्या दिल्या तर एका पत्त्यावर साधारण ६५ ग्राहक बसतात.

याची किंमतही आहे. २००७ च्या पहिल्या दिवशी एका खोडसाळ लेखकाला आवरण्यासाठी विकिपीडियावर एक पत्ता रोखला गेला. पण त्या काळी कतार देशातील बहुतेक वाहतूक त्या एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असे, त्यामुळे साऱ्या देशालाच लेखन करता येईना. २०१७ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने तक्रार केली की, पत्ता सामायिक असल्याने गुन्हेगार शोधताना अनेक निरपराध माणसे चौकशीच्या कक्षेत येतात. पत्ता माणसापर्यंत नेत नसेल तर नोंदवहीचाही उपयोग अर्धाच.

खरा उपाय आणि त्याची अडचण

आम्ही शाळांत या विषयावर बोलतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. 'राखून ठेवलेले पत्ते आहेत ना? ते का वापरत नाहीत?' प्रश्न बरोबर आहे. २४० पासून पुढे सुरू होणारे सुमारे २७ कोटी पत्ते अगदी आरंभापासून पडून आहेत. पण असंख्य यंत्रे हे पत्ते दिसताच पुडके टाकून देतात, आणि ती सगळी बदलावी लागतील. शिवाय २०१० च्या वेगाने हा साठा जेमतेम वर्षभर पुरला असता. एवढीच यंत्रे बदलायची तर १२८ खणांची रचनाच का आणू नये?

आयपी-६ मधील पत्त्यांची संख्या ३९ आकडी आहे. तिथे टंचाईचा प्रश्नच नाही. अडचण वेगळी. नव्या रचनेतील यंत्र जुन्या यंत्राशी थेट बोलू शकत नाही, मध्ये दुभाषा लागतो. त्यामुळे बरीच वर्षे दोन्ही रचना शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. मूळ बेत असा होता की जुने पत्ते शिल्लक असतानाच सगळे नव्यावर जातील. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे जुने पत्ते भरपूर होते त्यांना घाई नव्हती. या बाबतीत भारताने मात्र चांगली मजल मारली. दूरसंचार विभागाचा आराखडा २०१० मध्ये आला, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्याने आरंभापासून आयपी-६ वापरले. आज भारतातील सुमारे सत्तर टक्के वापरकर्ते आयपी-६ वर पोचले आहेत. जगाची सरासरी निम्म्याच्या आसपास आहे. टंचाईनेच आपल्याला पुढे ढकलले, असे म्हणता येईल.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. घरच्या वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता शोधा. तो १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर तो वाड्याच्या आतला खाजगी पत्ता आहे. ज्यांच्या घरी वायफायची पेटी आहे त्यांनी तिच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल तर तुमची सेवा कंपनीही पत्ता वाटून वापरते आहे. अपूर्णविरामांनी तोडलेला आणि 'अ' ते 'फ' सारखी रोमन अक्षरेही असलेला लांब पत्ता दिसला तर तो आयपी-६ चा.

दुसरा प्रयोग. ६४ चिठ्ठ्या करा. त्या वर्गातील दहा मुलांना 'गरज सांगा आणि घ्या' या नियमाने वाटायला सुरुवात करा. सोळा चिठ्ठ्या उरल्या की थांबा आणि सांगा, की आणखी वीस मुले दाराबाहेर उभी आहेत. आता उरलेल्या चिठ्ठ्यांसाठी वर्गानेच नियम लिहावा. मिळालेली चिठ्ठी विकता यावी का? किती काळाने? विकलेली चिठ्ठी कोणाकडे गेली हे वहीत कोण लिहील, आणि लिहिणाऱ्यावर लक्ष कोण ठेवील? आमचा अनुभव असा की, पहिले दहा जण आणि दाराबाहेरचे वीस जण यांचे नियम कधीच जुळत नाहीत. ते जुळवण्यासाठी जी चर्चा होते, तीच या खेळाची शिकवण.

पाणी, जमीन, लहरींच्या पट्ट्या, पत्ते. भरपूर असते तेव्हा नियम लिहिणे सोपे आणि गरजही कमी. संपल्यावर नियमाची खरी गरज लागते, तेव्हा प्रत्येकाचे हितसंबंध आधीच पक्के झालेले असतात. इंटरनेटच्या पत्त्यांच्या बाबतीत निदान शेवटच्या पाच मापांचा नियम साठा संपण्याआधी ठरला होता. म्हणूनच २०११ नंतर आलेल्या हजारो लहान कंपन्यांना दार उघडे मिळाले. वाटून संपलेल्या वस्तूची राखण कोठीला कुलूप लावून होत नाही, ती वही नीट लिहून होते.